डावीकडची जागा

ग्रुप फोटोतली फट मयुरीला पडलेल्या दातासारखी वाटायची. वर्ध्यात तिचा छोटासा स्टुडिओ होता आणि पोटापाण्यासाठी ती सगळ्या प्रकारचे फोटो काढायची. हॉटेलच्या मेन्यूसाठी पाटवडीचे, जिनिंगवाल्याच्या जाहिरातीसाठी कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांचे, आणि सवड मिळाली की हौसेखातर बोरच्या जंगलात पाखरांचे. ज्याची त्याची रीत वेगळी. पाखराच्या चोचीपुढे मोकळं आभाळ सोडावं लागतं, नाहीतर ते भिंतीवर आदळणार असं दिसतं. थाळीवर उजेड बाजूनं घ्यावा लागतो, नाहीतर रस्सा शिळा वाटतो. घरच्या माणसांचा फोटो मात्र खांद्याला खांदा लावूनच, यावर ती ठाम होती.

म्हणूनच सिंदी रेल्वे या गावात, रूपरावांच्या अंगणात त्या सकाळी ती वैतागली. रूपराव कापसाचे व्यापारी. त्यांच्या मुलाचं, धनंजयचं, लग्न आदल्या दिवशी झालं होतं आणि आता पूजेनंतर घरच्यांचा एक मोठा फोटो हवा होता. पुढे खुर्च्यांवर रूपराव आणि देवकाबाई, मागे धनंजय, त्याची मोठी बहीण छाया आणि नवी सून नंदिनी. बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला उभी राहते, ही साधी रीत. पण देवकाबाईंनी सुनेला उजवीकडे उभं केलं होतं. छाया डावीकडे होती, आणि तिच्यात नि धनंजयमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती.

"छायाताई, थोडं इकडे सरका."

छाया सरकली. मयुरीनं कॅमेऱ्याला डोळा लावला. फट तशीच.

"अजून. खांद्याला खांदा लागू द्या."

"लागलाच तं आहे," छाया म्हणाली.

मयुरी शेवटी स्वतः गेली. छायाचं कोपर धरून तिला धनंजयला चिकटून उभं केलं, "आता हलू नका" म्हणाली आणि परत फिरली. ट्रायपॉडपाशी येऊन बघते तर मध्ये पुन्हा तेवढीच जागा. कोणी हलल्याचं कोणाच्या चेहऱ्यावर नव्हतं. उलट छायाचा उजवा हात आता वर आला होता, कोणाच्या तरी खांद्यावर टेकवावा तसा हवेत थांबलेला. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

कॅमेऱ्याला चेहरा सापडला की पडद्यावर त्याच्याभोवती बारीक चौकोन येतो. पाचही चेहऱ्यांवर चौकोन होते. आणि एक त्या मोकळ्या जागेतही होता, धनंजयच्या डोक्याच्या उंचीवर. मागं लिंबाचं खोड होतं. खोडाच्या गाठींना कॅमेरा कधी कधी फसतो. मयुरीनं सगळ्यांना पांढऱ्या भिंतीपुढे नेलं. भिंतीवर एक डागही नव्हता. चौकोन तिथंही आला. तिनं घाईघाईनं बटन दाबलं आणि "झालं" म्हणाली.

बैठकीत चहाची वाट बघताना तिची नजर भिंतीवरच्या जुन्या फोटोंवर गेली. गिरडच्या यात्रेतला, शाळेतला, छायाच्या लग्नातला. काढणारे हात वेगवेगळे होते हे तिला लगेच कळलं. एकानं डोक्यावर भलतंच आभाळ ठेवलं होतं, दुसऱ्यानं पाय कापले होते. पण सगळ्यांत धनंजयच्या डावीकडे जागा होती. यात्रेतल्या फोटोत छोट्या छायाचा हात त्या जागेत गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. शाळेच्या फोटोत कमरेएवढा. लग्नाच्या फोटोत छातीपर्यंत आलेला.

"पाहून राह्यली का?" देवकाबाई चहा घेऊन मागं उभ्या होत्या.

"मावशी, ही जागा..."

"जुळे होते मा, धनू अन् श्रावण. श्रावण सव्वा महिन्याचा होऊन गेला. धनू राह्यला."

"म्हणून तुम्ही त्याची जागा सोडता?"

"मी काऊन सोडू? मी कोणाले एक शब्द सांगत नाई. सुटते आपोआप." त्यांनी कप तिच्या हातात दिला. "पह्यले एवढीशी सुटे. वाढते तो."

मयुरीनं पुन्हा यात्रेतला फोटो पाहिला, मग लग्नातला.

निघताना रूपराव फाटकाशी आले. घराकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "पोरी, तेवढी फट बुजवून टाकजो. व्याह्यांच्या घरी फोटो जाईन, लोक इचारतात. कम्प्युटरवर होते म्हणते ना?"

"होतं ना काका," मयुरी म्हणाली. तिला हायसं वाटलं. हे काम तरी तिच्या हातातलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत तिनं फोटो उघडला. छायाला कापून उचललं आणि सरकवत धनंजयला भिडवलं. भिंतीची रेघ जुळवली, सावल्या जुळवल्या. कुठंही सांधा दिसेना. पण फोटो बसेना. सगळा भार एका अंगावर आल्यासारखा झाला आणि मधला धनंजय कलंडतोय असं वाटायला लागलं. तिनं मोजून पाहिलं. तो सरळच उभा होता. तिनं तसाच फोटो सेव्ह केला.

पाणी प्यायला उठली तोच फोन वाजला. नंदिनी होती.

"ताई, तुम्ही फोटोले काई केलं का?"

"का? काय झालं?"

"हे दुकानातून घरी येऊन राह्यले होते, तं आंगणातच पडले. लागलं नाई कुठी, पण उभं केलं का डावीकडं झुकते. म्हणते, टेकाले कोणी नाई." तिचा आवाज फाटला. "आई म्हणते, पह्यले फोटोवालीले फोन लाव."

मयुरीनं विचारलं नाही की आईंना कसं कळलं. तिनं फोन खांद्यात धरला आणि तो जुळवलेला फोटो पुसून टाकला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कोणीतरी मोठा श्वास घेतला, आणि नंदिनी रडत म्हणाली, "उभे राह्यले. ताई, उभे राह्यले."

फोटो नेऊन द्यायला मयुरी स्वतः गेली, पहिला, जसाच्या तसा. कोणी बोलायच्या आत रूपरावांनी हातोडी आणली, खिळा ठोकला, आणि फ्रेम सरळ करताना त्यांचा हात त्या मोकळ्या जागेवर जरा जास्तच वेळ राहिला. मयुरी लांबून बघत होती. इतका तोलून बसलेला फोटो तिच्या हातून आजवर निघाला नव्हता.

नंदिनी तिला फाटकापर्यंत सोडायला आली.

"तुम्हाले भेव वाटलं ना?"

"खूप. आणि तुला?"

"पह्यल्या दिवशी लय. आता मी यांच्या उजव्या बाजूनंच चालते, झोपतेबी तिकूनच. तरास काई नाई त्याचा." ती थोडी घुटमळली. "फक्त हाक मारली का 'ओ' दोन जागून येते."

बाहेर रस्त्यावर धनंजय मोटरसायकल घेऊन उभा होता, तिला स्टेशनवर सोडायला. ती त्याच्यापाशी पोचली तेवढ्यात स्वयंपाकघरातून देवकाबाईंनी आवाज दिला, "अरे, पोरीचा डबा राह्यला! घेऊन जाय!"

"आलो, माय," घराच्या मागून, गोठ्याकडून, तरण्या पुरुषाचा आवाज आला.

मयुरीनं धनंजयकडे पाहिलं. त्याचे ओठ मिटलेले होते. तोही गोठ्याकडेच बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नेहमीच्या माणसाची वाट बघताना असतो तसा जरासा कंटाळा होता.

"बसा ताई," तो म्हणाला. "गाडीची वेळ झाली."

डब्यासाठी न थांबता मयुरी बसली.