पस्तीस टक्के साठा

आमच्या मालकांना अटॅक आला, पण चेअरमनकी काही अंगातून गेली नाही. दवाखान्यातून वडवणीला परत आल्यापासून ते ओट्यावर बसून येईल त्याला रिपोर्ट दाखवत होते.

"हृदय पस्तीस टक्के चालतंय. लई हाय! तलावात चारच टक्के हाय, तरी गाव चालतंयच की."

डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. चांगलं हृदय दर ठोक्याला साठ टक्के रक्त पुढं ढकलतं. गोळ्या, आराम आणि कमी मीठ सांभाळलं, तर यांचंही सुधारेल. पण डॉक्टरांना काय कळतं? ते थोडेच पाणीवापर सोसायटीचे चेअरमन आहेत!

दुपारी साहेबांनी गोळी बाजूला सारली, लोणचं मागितलं आणि मीटिंगला जायला मोटारसायकलची चावी शोधायला लागले.

मी टँकरवरून आणलेला हंडा उतरवला. लोणच्याची बरणी आणि चावी, दोन्ही त्यांच्यापुढं ठेवली.

"घ्या. दिवाळीला तलावातबी पस्तीसच टक्के होतं. तुमीच मीटिंगीत म्हणालात, लई हाय, ऊस लावा. होळीला तळ दिसला. गावाला निदान टँकर येतोय. तुमच्या काळजाला कुठून आणू?"