वाढदिवसाच्या सतरा दिवस आधी

"आपल्या गावात मान मिळवायचा असेल तर आधी मरावं लागतं का?"

मित्रांनो, हा प्रश्न वीब्केने थेट नगराध्यक्षांना विचारला, तेव्हा मी टेबलावर उताणी पडले होते. कुणी मला बंद करेल तर बरं, असं मला झालं. खरं म्हणजे प्रश्न तिचा नव्हताच. तिच्या मैत्रिणींनी, फेन्या आणि मारीकेने, पैज लावली होती. आमच्या आलेनब्रूक गावच्या नगरभवनात जिन्याच्या भिंतीवर सन्माननीय नागरिकांची पाटी आहे. तिच्यावर अकरा नावं आणि अकराही जण चर्चमागच्या दफनभूमीत. "विचारून दाखव, नाहीतर पुढचा अख्खा उन्हाळा आमचं आइसक्रीम तुझ्याकडे लागलं," असं त्या म्हणाल्या होत्या.

वीब्के सोळा वर्षांची, दहावीतली. कामाचा अनुभव घ्यायला शाळेने तिला दोन आठवडे नगरभवनात पाठवलं होतं. सोमवारी ती साधा फोन उचलायलाही घाबरत होती. आणि गुरुवारी हे!

पण थांबा, आधी मी माझी ओळख करून देते. मी एक जुनी, हिरव्या चामड्याची फाइल आहे. गाव ज्याला सन्माननीय नागरिक करतं त्याचं मानपत्र ठेवायची फाइल. माझ्या कव्हरवर सोनेरी बगळा आहे, आमच्या गावाचं चिन्ह. आत निळं रेशमी अस्तर आहे, पण ते बिचारं फारसं कुणी पाहिलेलं नाही. तीच तर माझी गोष्ट.

छत्तीस वर्षांपूर्वी मला नीमान नावाच्या एका बुकबाइंडरने बनवलं. गावाच्या वेशीपाशी त्याचं दुकान होतं आणि त्यात सरसाचा वास भरलेला असे. हाडाच्या पट्टीने तो माझी एकेक कड घोटत बसे. एका बगळ्यासाठी त्याने तीन वेळा सोन्याचा वर्ख फुकट घालवला, कारण चोच वाकडी येत होती. शेवटी मला फडक्यात गुंडाळताना तो म्हणाला, "तू एकदाच उघडशील, पण लोकांच्या लक्षात राहील अशी उघड." मला किती अभिमान वाटला होता सांगू! त्या दिवसापासून माझ्या बिजागरीत जी चुळबुळ सुरू झाली ती काही थांबली नाही.

माझ्यात हिन्रिक लोमान गुरुजींचं मानपत्र ठेवलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी गावाला गाणं शिकवलं होतं. नगरसभेने बंद दाराआड ठराव केला, सगळ्यांनी हात वर केले, आणि मग सगळे वाट बघत बसले. कशाची? गुरुजींच्या नव्वदाव्या वाढदिवसाची. आमच्याकडे असे मान मोठ्या वाढदिवसालाच देतात. आणि वाढदिवसाच्या आधी तर कुणी कुणाचं अभिनंदन करतच नाही, तो अपशकुन समजतात. एक दिवस आधी चुकून कुणी शुभेच्छा दिल्या तर समोरचा हात मागे घेतो, रागाने बघतो आणि दिवसभर जिना जपून उतरतो.

वाढदिवसाला आठ दिवस राहिले असताना लोमान गुरुजी गेले.

गेलेल्या माणसाला हा मान देता येत नाही, असा नियम. गुरुजींची मुलगी काळा कोट घालून नगरभवनात आली. पाटीवर नाव नको, समारंभ नको, तो कागद तेवढा द्या, वडिलांच्या शेजारी ठेवते, असं ती म्हणाली. खिडकीपाशी बसणाऱ्या ओल्टमान्सबाईंनी तिला नियम वाचून दाखवला. त्या तेव्हा नव्याने नोकरीला लागल्या होत्या आणि नियमांच्या पुस्तकातून मान वर काढत नव्हत्या. मुलगी रिकाम्या हाताने गेली. मग बाईंनी माझ्यातून कागद काढला आणि मला खालच्या खणात ठेवलं.

त्या खणात माझे शेजारी कोण होते माहीत आहे? काळ्या फिती. गावात कुणी मोठं माणूस गेलं की नगरसभेकडून फुलांचं चक्र जातं, त्यावर लावायच्या फिती. दर महिन्या-दोन महिन्यांनी खण उघडे, एक फीत बाहेर जाई आणि मी तिथेच राही. दर वेळी मला वाटे, या वेळी मी! कसलं काय. छत्तीस वर्षं मी फितींना निरोप दिला. माझ्या पाठीला एक बारीक चीर गेली, सोनेरी बगळ्याचा एक पाय पुसट झाला. तुम्ही कधी घंटा होण्याची वाट बघत वर्गात बसला आहात ना? तसं, पण छत्तीस वर्षं.

यंदा मार्चमध्ये पुन्हा ठराव झाला. या वेळचं नाव होतं गेसीने ब्रामर. आमच्या गावात ज्याला पोहता येतं त्याला ते ब्रामरबाईंनी शिकवलेलं असतं. लांब काठीच्या टोकाला पट्टा, पट्ट्यात हातपाय झाडणारं पोर आणि तलावाच्या काठाने ओरडत चालणाऱ्या ब्रामरबाई, हे चित्र गावातल्या तीन पिढ्यांच्या डोळ्यांत आहे. त्यांचा नव्वदावा वाढदिवस चौदा नोव्हेंबरला. बँडवाल्यांना सांगून झालं होतं. नवी फाइल कशाला, जुनी चांगली आहे की, असं म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी मला वर काढलं, तेल लावून पुसलं आणि माझ्यात नवा कागद ठेवला.

आणि त्याच आठवड्यात ब्रामरबाईंच्या दारात दोनदा अँब्युलन्स आली. वीब्केचं घर त्यांच्यापासून तिसरं. तिने ती दोन्ही वेळा पाहिली.

म्हणून पैजेचा प्रश्न तिने विचारला खरा, पण विचारताना तिचं हसू मधेच मावळलं. तिची नजर माझ्यातल्या कागदावर होती, त्यावरच्या नावावर.

नगराध्यक्ष टेडसेन साहेब तसे भले गृहस्थ आहेत. ते रागावले नाहीत, नुसते लाल झाले. ही गोष्ट चौदा तारखेपर्यंत गुपित आहे, कुणाजवळ बोलायचं नाही, असं त्यांनी तिला बजावलं. मग मला बंद केलं आणि ओल्टमान्सबाईंकडे सरकवलं, खणात ठेवायला.

ओल्टमान्सबाईंनी मला हातात घेतलं, पण खण काही उघडला नाही. वर्षाअखेरीला त्या निवृत्त होणार आहेत. छत्तीस वर्षांत मी त्यांना वर तोंड करून बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"साहेब, मी याच खिडकीतून एका मुलीला रिकाम्या हाताने परत पाठवलंय," त्या म्हणाल्या. "परत नाही पाठवणार."

साहेबांनी बरीच कारणं सांगितली. बँड ठरलाय, सभासदांना पत्रं गेलीत. आणि शेवटी खरं कारण बाहेर पडलं. आपण आधी जाऊन अभिनंदन केलं आणि दुसऱ्याच दिवशी बाईंना काही झालं, तर गाव काय म्हणेल? टेडसेनने नाट लावला म्हणेल.

"मग अभिनंदन करूच नका ना," वीब्के म्हणाली. "नुसतं द्या."

साहेबांनी डायरी उघडून शुक्रवारची दुपार मोकळी केली. माझी बिजागरी कुरकुरली, ती सगळ्यांना ऐकू गेली असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. साहेब, ओल्टमान्सबाई आणि वीब्केच्या काखेत मी. छत्तीस वर्षांनी मी रस्ता पाहिला! गार वारा, चौकातली झाडं, बेकरीचा वास. फुलं घेतली नव्हती, कारण फुलं म्हणजे शुभेच्छा. केकही नव्हता, कारण केक म्हणजे वाढदिवस. ओल्टमान्सबाईंनी पाव आणि खारवलेला मासा घेतला होता. त्याला कुणी शुभेच्छा म्हणू शकत नाही.

ब्रामरबाई खिडकीपाशी आरामखुर्चीत होत्या. खांदे अजून रुंद, पण मनगटं काडीसारखी झालेली. मला पाहताच आम्ही कशाला आलोय ते त्यांनी ओळखलं.

"अजून सतरा दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "उचला ते. मला मारायला आलात का?"

संपलं, मित्रांनो. पुन्हा खण, पुन्हा फिती! पण वीब्केने मला उघडलं आणि बाईंच्या मांडीवर ठेवलं. आम्ही अभिनंदन करायला आलेलो नाही, एकही शब्द गोड बोलणार नाही, असं तिने शपथेवर सांगितलं. मग टेडसेन साहेब उभे राहिले आणि त्यांनी ठराव वाचला. वाचला कसा, तर कचऱ्याच्या गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तसा. चेहऱ्यावर हसू नाही, हातात हात नाही. 'तीन पिढ्यांना' या शब्दांपाशी ते गाल फुगवून थांबले.

"टेडसेन," ब्रामरबाई म्हणाल्या, "सहा वर्षांचा होतास तेव्हाही असाच श्वास धरून ठेवायचास. सोड."

साहेबांनी श्वास सोडला, आणि त्याबरोबर डोळ्यांतलं पाणीही सुटलं. ओल्टमान्सबाई घाईघाईने पावाला लोणी लावू लागल्या. ब्रामरबाईंनी कागद दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू, एकेक अक्षर वाचला. अस्तरावरून बोट फिरवून त्या म्हणाल्या, निळं छान आहे, तलावासारखं. नीमान, ऐकलंस का? उघडले मी. आणि लक्षात राहील अशी उघडले.

इथे माझी गोष्ट संपली असती तर मी सुखाने कपाटात जाऊन बसले असते. पण मासा खाता खाता बाईंनी विचारलं, येत्या उन्हाळ्यात पोरांना कोण शिकवणार आहे? साहेबांनी खाली बघून सांगितलं की दोनदा जाहिरात दिली, पण माणूस मिळाला नाही. शिकवणारं, लक्ष ठेवणारं कुणी नसेल तर तलाव उघडता येत नाही. बंद राहील.

बाईंनी ताटली बाजूला सरकवली.

"मग पाटीवर कशाला," त्या म्हणाल्या, "माझं नाव तलावाच्या कुलपावर लिहा."

निघताना त्यांनी कागद स्वतःजवळ ठेवला आणि मला मिटून वीब्केच्या हातात दिलं. हे चामडं घेऊन मी काय करू, तू आणलंस तूच ने, फक्त रिकामं ठेवू नकोस, असं त्या म्हणाल्या. ओल्टमान्सबाईंनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली, आणि नगरभवनाच्या वस्तूंच्या यादीतून माझं नाव त्या दुपारीच खोडलं गेलं. परतल्यावर वीब्केने साहेबांना त्यांच्या खोलीबाहेर गाठून काहीतरी मागितलं. मी तिच्या काखेत होते, मला सगळं ऐकू आलं. पण ते तिच्याच तोंडून ऐका.

मित्रांनो, मी काही फार शहाणी नाही, मी चामड्याची आहे. पण तुम्हाला हात जोडून एवढंच सांगते, हात नसले तरी. ज्या बाईंनी तुम्हाला तरंगायला शिकवलं, ज्या गुरुजींनी गाणं शिकवलं, त्यांच्यासाठी चांगल्या दिवसाची वाट बघत बसू नका. साधा शुक्रवार पुरतो. फितींच्या शेजारी पडून राहिलेल्या माझ्यासारखीला विचारा.

आज चौदा तारखेला अजून सोळा दिवस आहेत. ब्रामरबाईंनी सकाळी अर्धा पाव खाल्ला आणि घरी येणाऱ्या परिचारिकेवर ओरडल्या असं ऐकते, म्हणजे ठीक असाव्यात. मी वीब्केच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. पाव, चीज आणि काकडीच्या लोणच्याची बरणी यांच्या मधोमध. तिच्या बाबांनी, हेनिंग त्यांचं नाव, तिच्यासाठी बचत बँकेत शिकाऊ उमेदवारीची मुलाखत ठरवली आहे, मंगळवारी. आई झील्केने त्यासाठी पांढरा ब्लाउज इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टांगला आहे. आणि माझ्या पोटात काल रात्रीपासून एक अर्ज आहे, बँकेचा नव्हे. तो आत अगदी स्वस्थ बसत नाही.

वीब्केने सुरी खाली ठेवली. एक मोठा श्वास घेतला, आणि सोडला. मग तिने मला उघडलं.

"आई, बाबा, मंगळवारी मी बँकेत जाणार नाही. जिल्ह्याच्या जलतरण केंद्रात तीन वर्षं शिकणार आणि मग आपल्या तलावावर पोरांना शिकवणार. तोवर कुलूप लागलं तर लागू दे. त्याची किल्ली माझ्यासाठी ठेवा, असं मी टेडसेन साहेबांना सांगून आलेय."