बोक्याची गुरगुर

कुत्र्याचं नाव बोका ठेवण्याची अक्कल माझ्या भाचीची. बाकी त्या कुत्र्याचं जे काही झालं, ते माझ्या दादाच्या अकलेनं.

कुत्र्यांना वळण लावणं हा माझा धंदा. घाबरट, अंगावर धावून जाणारी कुत्री घेऊन लोक लांबून माझ्याकडे येतात. दादा दोन गल्ल्या सोडून राहतो, पण पिकतं तिथं विकत नाही. बोका पाहुण्यांवर गुरगुरायला लागला तेव्हा मी म्हटलं, "दादा, तो घाबरलाय. लांब राहा असं सांगतोय. सांगू दे त्याला."

"माझ्या घरात मला कुणी गुरगुरून सांगायचं नाही," दादा म्हणाला आणि त्यानं एका साखळीमास्तरला बोलावलं. ओढली की गळ्याला आवळणारी साखळी, एवढंच त्या माणसाचं शास्त्र. बोका गुरगुरला की हिसडा. महिन्याभरात बोका मूग गिळून गप्प. दादा ज्याला त्याला सांगत सुटला, "कुत्रा कसला, साधू झालाय साधू!"

साधू कसला डोंबलाचा. भीती होती तेवढीच होती, फक्त ती सांगायची चोरी झाली होती. एका दुपारी भाचीनं झोपलेल्या बोक्याला मिठी मारली आणि त्यानं तिचा गाल फोडला. टाके पडले. दादा दवाखान्यातून फोनवर ओरडत होता, "काही इशारा नाही, काही नाही, एकदम चावला गं!" इशारा बंद करायला त्यानंच माणूस लावला होता, हे मी त्या दिवशी बोलले नाही. पोरीचा गाल डोळ्यांसमोर होता.

बोक्याला सुई देऊन संपवायचं ठरलं. मी दादाच्या हातापाया पडून त्याला माझ्याकडे आणलं. दादाची अट एकच. "मी येऊन बघेन. सुधारला असेल तर राहू दे तुझ्याकडे. नाहीतर सुई. कुत्रा माझ्या नावावर आहे, विसरू नकोस."

सुरुवातीला बोका कपाटाला पाठ लावून बसायचा. जवळ गेलं की ओठ चाटायचा, मान वळवायचा, डोळ्यांची पांढरी कड दिसायची. घशातून मात्र चकार आवाज नाही, आणि मला त्याचीच धास्ती होती. त्यानं मान वळवली की मी मागे सरकायचे आणि चिकनचा तुकडा टाकायचे. शेजारच्या काकांना फाटकाशी उभं करायचे. बोका ताठ झाला की काका मागे. "तुझ्या कुत्र्यापायी मी या वयात उलटं चालायला शिकलो," काका कुरकुरायचे, पण यायचे. हळूहळू बोक्याला कळलं की इथं आपलं म्हणणं ऐकतात. तो उताणा झोपायला लागला. अनोळखी माणूस दिसला की माझ्याकडे बघून तुकडा मागायला लागला. राहिली होती ती गुरगुर. ती परत आली की बोका वाचला, असं मी रोज स्वतःला सांगायचे.

दादा रविवारी आला. मी फोनवर दहादा बजावलं होतं, नुसता बस, हात पुढे करू नकोस. तो सरळ बोक्यावर वाकला आणि डोकं थोपटायला लागला. बोक्यानं मान वळवली. ओठ चाटले. दादाचा हात तिथंच. मग बोक्याच्या घशातून ती आली, खोल, लांब, स्पष्ट. दादानं हात मागे घेतला आणि बोका मुकाट माझ्या पायाशी येऊन बसला. चावला नाही.

माझे डोळे भरून आले. "शाब्बास रे माझ्या राजा!" म्हणत मी सगळे तुकडे त्याच्यापुढे ओतले.

मान वर केली तर दादा पांढराफटक पडलेला. "माझ्यावर गुरगुरला, आणि तू त्याला खायला घालतेस?"

"अरे, चावला नाही तो! सांगितलं त्यानं! त्या दिवशी असं सांगता आलं असतं तर पोरीचा गाल..."

"पोरीचं नाव काढू नकोस. मास्तरनं शिकवल्यापासून माझ्याकडे एकदाही गुरगुरला नव्हता. तू बिघडवलंस त्याला."

मी समजावलं, मग भांडले, मग दारात आडवी उभी राहिले. पालथ्या घड्यावर पाणी. आयुष्यात पहिल्यांदाच दादावर ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "त्याचं सोड, तूही गुरगुरायला लागलीस." कागद त्याच्या नावावर, टाके त्याच्या पोरीच्या गालावर. माझ्याकडे दाखवायला काय, तर एक गुरगुर.

दादानं खिशातून साखळी काढली. येतानाच घेऊन आला होता. ती खुळखुळली तसा बोका खाता खाता थांबला, शेपूट पोटाशी घेऊन उठला आणि आपणहून दादापुढे जाऊन मान खाली घालून उभा राहिला. निम्मे तुकडे तसेच पडले होते.

"बघ," साखळी अडकवत दादा म्हणाला, "माझ्याकडे कसा शहाण्यासारखा वागतो."

जनावरांचा दवाखाना आमच्याच रस्त्याच्या टोकाला आहे. बोका तिथपर्यंत हूं की चूं न करता गेला.