वाटीतलं ग्रीस

ऑरिन गॅस्केल यांच्याकडे मागून नेलेली वस्तू गेली तशी कधी परत यायची नाही. चांगली होऊनच यायची. हॅचेट घाटाच्या पायथ्याला सगळ्या खोऱ्यातच ती रीत होती, पण ऑरिन त्यात सगळ्यांच्या वरताण. काल संध्याकाळी त्यांनी टोलेफ्सनांचा घोड्यांचा ट्रेलर परत आणून लावला, तेव्हा तो आतून-बाहेरून धुतलेला, फळ्यांवर नवा पेंढा, आणि वर जंगली चेरीच्या मुरंब्याची बरणी. लॉर्ना टोलेफ्सनला काल तो पाहून बरं वाटलं होतं. आज सकाळी त्याच ट्रेलरचा तिला नुसता संताप येत होता.

"परत विझला दिवा!" तिचा नवरा हार्लन ट्रकच्या खिडकीतून ओरडला. "लागला... विझला... अगं, दिवाळं काढलंय यानं!"

"हातमोजे काढ आधी त्या डबीवरून, मग सांग."

"काढलेत, बाई, काढलेत."

डॅशबोर्डखालच्या त्या डबीवर हातमोजे फेकायची हार्लनची जन्माची खोड. आणि डबी तर ट्रेलरचा लगाम. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात, विजेवर चालणारे, आणि ट्रकचा ब्रेक दाबला की ही डबी मागे वीज सोडते. हिरवा दिवा स्थिर जळतोय तोवर ट्रेलर ऐकतोय. दिवा गेला की ट्रेलर बहिरा. मग पाच घोड्यांचं ते ओझं उतारावर मागून ढकलायला लागतं, आणि हॅचेट घाट म्हणजे काही पोरांची घसरगुंडी नव्हे.

जनावरं हार्लनची आणि तारा लॉर्नाच्या, अशी त्यांच्या संसाराची वाटणी पहिल्यापासून होती. घोडीच्या डोळ्यात बघून तिचं पोट दुखतंय हे हार्लन सांगायचा, पण साधा बल्ब बदलायला सांगितला तर घरभर अंधार करून बसायचा. म्हणून आत्ता तो खिडकीत कॉफी पीत होता आणि लॉर्ना थंडगार मातीत पाठ टेकून ट्रेलरखाली शिरली होती.

तिनं प्लगच्या पिना कानशीनं घासल्या. हिरवट गंज निघाला, तो फुंकला. मग तिला दिसलं, की ट्रेलरची छोटी बॅटरीही मेलीय. ट्रेलर ट्रकपासून निसटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून ती असते. पुढचं काम होईपर्यंत तिच्यात थोडा जीव येईल म्हणून लॉर्नानं ट्रकच्या मोठ्या बॅटरीपासून तिच्यापर्यंत केबलची जोडी ओढली. लाल लालला, काळी काळीला.

"आता दाब."

हार्लननं डबीची कळ दाबली. चारी चाकांतून मधमाश्यांसारखी गुणगुण आली. लॉर्नानं खिशातून वडिलांचं जुनं होकायंत्र काढलं. ब्रेकच्या पोटातलं लोहचुंबक जागं असलं की काटा गर्रकन फिरतो. पहिलं चाक, फिरला. दुसरं, फिरला. चारही.

"दिवा?"

"पेटलाय! हलत पण नाही. प्लगच होता की गं मग."

"प्लगच असणार." तरी तिच्या मनात काहीतरी टोचत होतं. इतकी सकाळभर छळणारी गोष्ट इतक्या मुकाट्यानं सुधारते? "थांब, मी पुन्हा एकदा सगळं..."

"लॉर्ना, वर बघ जरा!"

डोंगराच्या माथ्यावर शिसवी ढग बसला होता. रेडिओ सकाळपासून कोकलत होता, संध्याकाळी बर्फ. एकदा घाट बंद झाला की वरच्या कुरणातल्या पाच घोड्या तिथंच राहणार, आणि तिथं त्यांना चघळायला गवताची काडी उरलेली नव्हती. त्यातली बिस्किट तर लॉर्नाचा जीव की प्राण.

"आणि उतारावर काही वाटलं ना," ती केबल सोडवत म्हणाली, "तर सरळ खडीत घाल. ऐकतोयस ना?"

हार्लन खदाखदा हसला. "मी? डीन प्रुइट आहे काय मी?"

घाटाच्या मध्यावर रस्त्याच्या कडेला चढावर खोल खडी भरून ठेवलेली होती. ब्रेक गेलेल्या गाडीनं त्यात घुसायचं आणि रुतून थांबायचं. डीन प्रुइट मागे घुसला होता. जीव वाचला, पण नाव गेलं. सगळं खोरं त्याला खडीवाला म्हणायला लागलं, आणि सगळ्यात मोठ्यानं हार्लन. डीनच्या पोरीच्या लग्नात त्यानं चांदीच्या कागदात गुंडाळून खडीची पिशवी आहेर केली होती. पाहुणे पोट धरधरून हसले होते. डीनही हसला होता, पण त्याचा चेहरा लॉर्नाच्या लक्षात राहिला होता.

"थट्टा नको, हार्लन."

"बरं बाई. नाहीतर येशील माझ्यामागे होकायंत्र घेऊन." त्यानं हातमोजे फेकले, नेमके डबीवर, आणि गाडी काढली.

लॉर्नानं केबलची गुंडाळी करून गॅरेजातल्या खिळ्याला अडकवली, हात धुतले आणि ब्रेडवर मुरंबा लावून खाल्ला. टोचणी काही जाईना. दुपार कलायला लागली तेव्हा ऑरिन आले. सत्तरी ओलांडलेले, टोपी हातात धरून दारात उभे.

"ट्रेलरच्या कुलपाची किल्ली माझ्याच खिशात राहिली की गं पोरी. म्हातारा झालो."

"या, कॉफी घ्या. ट्रेलर काय लखलखीत केलात हो!"

"लखलखीत कसला! तुमची ती वाटी काय कोरडी ठणठणीत होती! पार गंजलेली. घासली, पुसली आणि ग्रीसनं काठोकाठ भरली. आता बघ कशी लोण्यासारखी फिरते."

ट्रेलरच्या जिभेच्या, म्हणजे पुढच्या दांड्याच्या, टोकाला ती लोखंडी वाटी असते. ट्रकच्या मागचा गोळा तिच्यात बसतो, आणि तेवढ्यावर सगळा ट्रेलर ओढला जातो. ग्रीस घालणं हे चांगल्या शेजाऱ्याचं काम. लॉर्ना हसून आभार मानणार होती, पण तिचा हात किटलीवरच थांबला.

वीज निळ्या तारेनं ब्रेककडे जाते. पण गेलेली वीज परतही यावी लागते, आणि तिची परतीची वाट म्हणजे पांढरी तार. ती तुटली तर वीज मिळेल त्या लोखंडातून घरी येते. कोरड्या, गंजक्या वाटीतून. गोळ्यातून. ग्रीस मध्ये आलं की तीही वाट बंद, किंवा कधी चालू, कधी बंद.

"ऑरिन," ती किटली खाली ठेवत म्हणाली, "जिभेखाली एक पांढरी तार आहे..."

"लोंबत होती की! टोक सडून तुटलेलं. रस्त्यावर घासायला नको म्हणून टेपनं वर नीट बांधून टाकली. का गं?"

लॉर्नानं दारातून गॅरेजकडे पाहिलं. खिळ्याला केबल लटकत होती. लाल आणि काळी. सकाळी दिवा पेटला, चाकं गुणगुणली, काटा फिरला, ते सगळं त्या काळ्या केबलच्या जिवावर; वीज तिच्यातूनच परत येत होती. ट्रक आणि ट्रेलर तिनंच स्वतःच्या हातानं जोडले होते, आणि ब्रेक नीट आहेत असं सांगून स्वतःच्या हातानं सोडवले होते.

तिनं हार्लनला फोन लावला. डोंगरात फोन कधीच लागत नसे, आजही लागला नाही. शेरीफच्या कचेरीतली मुलगी म्हणाली, गाडी पाठवते, पण ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. लॉर्नानं तिचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. ती जुन्या ट्रकमध्ये चढली तेव्हा ऑरिन न विचारता शेजारी येऊन बसले होते. वाटेत तिनं सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण बोलली नसती तर ती किंचाळली असती.

ऑरिन टोपी चुरगाळत म्हणाले, "चढताना कळलं असेल ना त्याला? दिवा विझलेला दिसला असेल."

"डबीवर हातमोजे आहेत."

"काढेल की कधीतरी."

"तो नाही काढायचा, ऑरिन. तो कधीच नाही काढत."

घाट सुरू झाला. जुनं इंजिन धापा टाकत होतं आणि ढग इतका खाली आला होता की वरची वळणं दिसेनात. खडीचा चढ मागे पडला. महामार्गवाले ती खडी दाताळ्यानं सारखी करून ठेवतात. आत्ताही ती नुकत्याच विंचरलेल्या केसांसारखी होती. म्हणजे हार्लन अजून वरच. लॉर्नाच्या जिवात जीव आला. वर जाऊन त्याला माथ्यावरच गाठायचं, वाटी पुसायची, तार जोडायची, त्याच्या दोन टोमण्यांवर हसायचं, बस्स.

पुढच्या वळणावर तो समोर आला.

लॉर्नानं दिवे मारले, हॉर्नवर हात दाबून धरला, खिडकीतून अर्धी बाहेर येऊन हात हलवला. "थांब! हार्लन, थांब!" खोऱ्यात समोरून ओळखीचं कुणी आलं की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, हा तिथला रामराम. हार्लननं बोट उचललं आणि दात काढून हसला. आली बघ होकायंत्र घेऊन, असंच त्याला वाटलं असणार. काचेमागे त्याचे हातमोजे दिसले, आणि तो गेला.

आरशात ट्रकचे मागचे दोन्ही लाल दिवे लागले. ट्रेलरचा एकही लागला नाही. जळक्या ब्रेकचा वास तिच्या खिडकीतून आत आला.

"वळव, पोरी, वळव!"

"कुठं वळवू? जागा कुठंय?" तिला रडू फुटलं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. आणखी दोन वळणं वर गेल्यावर जरा रुंद जागा मिळाली, तिथं तिनं कशीबशी गाडी फिरवली आणि खाली सोडली.

"खडीत घालेल तो," ऑरिन स्वतःशीच पुटपुटत होते. "खुळा थोडाच आहे हार्लन. घालेल. घालेलच."

लॉर्नाला चांदीच्या कागदातली पिशवी दिसत होती. घाल रे बाबा. जन्मभर तुला खडीवाला म्हणू देत, मी पण म्हणेन, रोज म्हणेन, पण घाल.

खडीचा चढ आला आणि तिनं वेग कमी केला. विंचरलेली खडी तशीच होती. फक्त अलीकडच्या कडेला एका चाकाची हातभर खूण होती, आणि चार मुठी खडी रस्त्यावर उडालेली. कुणीतरी आत वळायला निघालं होतं आणि परत रस्त्यावर गेलं होतं. ऑरिननी तोंडावर हात धरला.

त्याच्या खाली, दुसऱ्या वळणावर, कठडा नव्हता. रस्त्याच्या मधोमध बिस्किट उभी होती. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि ती थरथरत होती. खालून ओढ्याचा आवाज येत होता. त्यात दुसरा कुठलाच आवाज नव्हता, घोड्यांचा नाही, इंजिनाचा नाही.

लॉर्ना उतरली. बर्फाचे पहिले कण पडायला लागले होते.

"माझ्या ग्रीसनं झालं गं हे," ऑरिन मागून म्हणाले. "पोरी, मी चांगलं करायला गेलो..."

"तुम्ही ट्रेलर नीटच परत केलात, ऑरिन." तिनं बिस्किटचा दोर धरला, तिच्या मानेवर एकदा हात फिरवला आणि दोर त्यांच्या हातात दिला. "तपासला मी होता. हिला धरा."

आणि ती तुटक्या कठड्यातून खाली उतरायला लागली.