बद्द वाजलेला दगड

ड्रिलला धार लावायचं जुनं मशीन फिटरने टेबलावर पक्कं केलं. मग त्याचा धार लावणारा गोल दगड सोडवून, मधल्या भोकातून बोटावर टांगला आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहिला. चांगला दगड भांड्यासारखा खणखणतो. हा फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजला. म्हणजे आत कुठेतरी तडा होता. असा दगड वेगात फिरला की फुटतो आणि तुकडे गोळीसारखे उडतात.

"नवा बसव," एवढंच हाताखाली काम शिकणाऱ्या मेहुण्याला सांगून तो ड्रिल आणायला आत गेला. का, ते सांगितलं नाही. कारण सांगायचं म्हणजे आपली विद्या फुकट वाटायची, असं त्याला वाटे. शहाण्याला शब्दाचा मार, म्हणून तो मोकळा होई.

परत आला तेव्हा दगड जागेवर होता. कोन जुळवताना मध्ये येतं म्हणून त्याने दगडावरचं लोखंडी झाकण, गार्ड, काढून ठेवलं, ड्रिल पकडीत अडकवलं आणि मशीन चालू केलं. टोक दगडाला नेमकं कुठे टेकतंय ते पाहायला तो अगदी जवळ वाकला. मशीनने वेग घेतला. आवाजात बारीकशी थरथर होती. म्हातारं मशीन कुरकुरणारच, असं तो मनाशी म्हणाला.

"दाजी, जुनाच बसवला," मागून मेहुणा शाबासकीच्या आशेने म्हणाला. "पुसला तर नव्यासारखाच निघाला. उगाच नवा कशाला झिजवायचा?"

थरथर वाढली.

"मागे हो," फिटर म्हणाला.

"का?" म्हणत मेहुणा बघायला पुढे वाकला.