कॉर्नेलच्या बदल्यात गेलेला

मला सवत नाही, पण सवतीचा जाच काय असतो ते मला विचारा. आमच्या घरातली सवत एकोणीस वर्षांची आहे, सहा फूट नऊ इंच उंच आहे आणि लुईव्हिलच्या संघातून बास्केटबॉल खेळते. नाव कीशॉन रॅन्सम.

माझा नवरा कॉर्नेल आधी लुईव्हिलकडेच होता. तिथून आमच्या या टल्सा गावाच्या संघाने त्याला मागून घेतलं आणि बदल्यात पुढच्या एका वर्षीचा निवडीचा हक्क लिहून दिला. हा धंदा असाच चालतो. ज्या संघाचा हंगाम वाईट, त्याला जूनमध्ये नवी पोरं आधी निवडायला मिळतात. आणि आपला नंबर यायच्या कितीतरी वर्षं आधीच संघ तो दुसऱ्याला देऊन मोकळे होतात. टल्साने अट घातली होती, नंबर पहिल्या चारांत आला तर आमचा आम्ही ठेवू. नेमकं त्याच हंगामात कॉर्नेलच्या टाचेची शीर तुटली. तो घरी पाय वर करून बसला, टल्सा हरत गेलं आणि नंबर आला पाचवा. त्या पाचव्या नंबरावर लुईव्हिलने उचलला कीशॉन, आणि पहिल्याच मोसमात तो सगळ्या देशाचा लाडका झाला.

टल्साच्या लोकांनी गणित सोपं केलं. कॉर्नेल नसता तर कीशॉन आपला असता. कॉर्नेल खेळला असता तर नंबर एवढा वर गेलाच नसता. म्हणजे माझा नवरा आला हीही चूक आणि बसला हीही चूक.

माझे केस विणणारी शरीस तर तोंडावर बोलली. "रेनिटा, राग नको मानू हं. पण काल त्या पोराने चाळीस पॉइंट मारले. तुझ्या नवऱ्याला बघितलं की मला महागाची पावती बघितल्यासारखं होतं."

"तू केस बघ," मी म्हटलं. "पावत्या मी बघते."

कॉर्नेल कीशॉनचे सामने बघत नसे. मी बघायची, एकूण एक. कीशॉन हरला की मला गोड झोप लागायची. एवढंच हवं होतं मला, की या गावाने एकदा तरी माझ्या नवऱ्यासाठी, फक्त त्याच्यासाठी, टाळी वाजवावी.

जानेवारीत लुईव्हिल टल्सात खेळायला आलं. कीशॉनचं नाव पुकारलं तर आमचेच लोक उभे राहिले. पाहुण्याचं कौतुक कसलं, कॉर्नेलला डिवचायचं होतं. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक ठसठशीत बाई येऊन बसली आणि माझ्याकडे टक लावून बघायला लागली.

"कॉर्नेलची बायको ना तुम्ही? मी लॉरेटा, कीशॉनची आई. तुमचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं मी."

"माझं? मी काय केलंय तुमचं?"

"आमच्याकडे लुईव्हिलात लाँड्रीच्या भिंतीवर अजून तुमच्या नवऱ्याचं चित्र आहे, भलं मोठं. मालक पुसू देत नाही. माझ्या पोराचा एक नेम चुकू दे, लगेच लोकांचं सुरू. ह्याच्यासाठी का आपण कॉर्नेलला घालवलं? पोर घरी येऊन जेवत नाही हो."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला गुदगुल्या झाल्या. कितीतरी दिवसांनी पोट भरल्यासारखं झालं.

"केवढं मोठं म्हणालात चित्र?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं की बस. मग सामनाभर आम्ही एकाच पिशवीतले शेंगदाणे खाल्ले. माझ्या नवऱ्याचा नेम हुकला की ती मान हलवायची, तिच्या पोराचा हुकला की मी. तिच्या पोराचा फार हुकला नाही. जिंकले तेच.

घरी आल्यावर मी कॉर्नेलला भिंतीचं सांगितलं. तो फ्रिजपाशी उभा होता. "अजून आहे?" एवढंच म्हणाला, आणि दोन वेळा वाढून घेऊन जेवला. मला वाटलं, चला, उतरलं एकदाचं भूत.

फेब्रुवारीत अदलाबदलीची मुदत संपायच्या दिवशी त्याच्या एजंटचा फोन आला. टल्साने कॉर्नेलला ओमाहाला देऊन टाकलं होतं. गावाने टाळी वाजवलीच, तो गेल्याची.

"बदल्यात काय मिळालं त्यांना?" कॉर्नेलने विचारलं.

"निवडीच्या दुसऱ्या फेरीतला, उरल्यासुरल्या पोरांतला एक हक्क. सात वर्षांनंतरचा."

तो पोट धरून हसला. "सात वर्षं! अगं, म्हणजे माझ्या बदल्यात येणारा पोरगा आत्ता सहावीत असेल."

मला हसू आलं नाही. मी खोकी भरत होते, आणि मला तो दिसायला लागला होता. कुठल्यातरी गावात, आई जेवायला हाका मारतेय आणि हा बॉल सोडत नाहीये. त्याचं नाव मला माहीत नाही. माझ्या नवऱ्याचं त्याला माहीत नाही. पण नेम चांगला आहे मेल्याचा, आणि आत्तापासूनच तो माझ्या डोळ्यांत खुपतोय.