मुलगी क

मावशी घरात असली की माझी मुलगी बोलण्याआधी एकदा मावशीच्या उजव्या हाताकडे पाहते. हात रिकामा असेल तर वाक्य पूर्ण होतं. हातात पेन्सिल असेल तर ते आखडतं, आणि पेन्सिलीखाली कागद असेल तर नुसतं "हं" उरतं. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की त्यावर प्रबंध लिहिता येईल. पण आमच्याकडे प्रबंधांचं खातं ताईकडे आहे. मी फक्त पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या सूची करते.

शास्त्रीय पुस्तकाची पानं पक्की झाली की ते कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून, कोणता विषय कोणत्या पानावर आहे हे लावून द्यावं लागतं. प्राणिशास्त्र शिकून मी या कामात पडले. वैद्यक, वन्यजीव संवर्धन, समाजशास्त्र, बालविकास, येईल ते. माझी अट एकच असते: पानं पक्की झाल्यावर मध्ये काही घुसडायचं नाही. एक परिच्छेद वाढला तरी पुढचे सगळे आकडे सरकतात. ताई सोडून सगळे लेखक ही अट पाळतात.

ताई माझी सख्खी मोठी बहीण, बालविकासाची प्राध्यापक. तिचं पाठ्यपुस्तक पुष्कळ महाविद्यालयांत लावलेलं आहे. त्यात भाषेच्या प्रकरणात एक 'मुलगी क' आहे, जी तीन वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नाही आणि नुसत्या खुणांवर घर चालवत होती. ती माझी मुलगी. त्या दिवसांत ताई रोज यायची, जमिनीवर बसून तिच्याशी खेळायची, लिहून घ्यायची आणि जाताना मला सांगायची, कान ठीक आहेत, समज ठीक आहे, बोलेल, धीर धर. हिला पुस्तकात घेऊ का, असं तिने विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. तेव्हा तिने काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

मग मुलगी बोलली, आणि थांबलीच नाही. घरात तिचं नाव टकळी पडलं. ती दात घासतानाही बोलते. तिचे बाबा म्हणतात, पहिल्या तीन वर्षांचा अनुशेष भरून काढते आहे.

पुस्तकातली क मात्र सुधारायला तयार नाही. दुसऱ्या आवृत्तीत ताईने टीप जोडली की सातव्या वर्षीही क अनोळखी माणसांसमोर मितभाषी आहे. ती अनोळखी माणसं म्हणजे ताईनेच आणलेले, हातात फायली घेतलेले तिचे विद्यार्थी. तिसऱ्या आवृत्तीत क ची उत्तरं 'प्रायः एकशब्दी' झाली. मी ताईला म्हटलं, एकदा दाराबाहेर उभी राहून ऐक. त्यावर तिने मला समजावलं की ते निरीक्षण धरता येत नाही, आणि आईची साक्ष तर मुळीच नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

आता चौथी आवृत्ती माझ्या टेबलावर होती, आणि टकळीला हव्या त्या महाविद्यालयात भाषाशास्त्राला जागा मिळाली होती. सोमवारी ती पक्की करायची होती. पण मुलाखतीहून आल्यापासून ती जाणार नाही म्हणत होती. तिथे ताईची एक जुनी विद्यार्थिनी शिकवते. पुस्तकातली क, म्हणजे आपली भाची, तिथे येते आहे, असं ताईने तिला कौतुकाने कळवून ठेवलं होतं. त्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, म्हणजे क ती तूच? किती छान बोलतेस की." सगळे प्रेमाने हसले. त्यानंतर टकळीने फक्त हो आणि नाही एवढंच सांगितलं.

"पहिल्या वर्षाला मावशीचं पुस्तक आहे," ती मला म्हणाली. "वर्गात बसून मी मलाच शिकू का?"

त्या दिवसापासून हे ताईला सांगायचं मी ठरवत होते. फोन उचलायचे आणि पानांबद्दल काहीतरी विचारून खाली ठेवायचे.

शनिवारी दुपारी ताई स्वतःच आली, दोन नवी पानं घेऊन. शीर्षक होतं, 'मुलगी क: सतराव्या वर्षी'. पानं पक्की झाली आहेत, मी सांगितलं. दोनच तर आहेत, ती म्हणाली, आणि शेवटचा परिच्छेद आत्ता लिहून होईल. तिने टकळीला हाक मारली, पेन्सिल काढली आणि मुलाखत कशी झाली ते विचारलं.

"बरी."

"भीती वाटली का?"

"हं."

ताईने माझ्याकडे पाहिलं. बघ, मी काय सांगत होते, असा तो चेहरा होता. त्याच सकाळी मी तिच्या दुसऱ्या प्रकरणाची सूची केली होती. 'निरीक्षकाचा परिणाम' हा शब्द तिथे पाच पानांवर येतो. पक्ष्यांच्या पुस्तकातही तो येतो: माणूस घरट्याजवळ उभा राहिला तर आई पिल्लांना भरवायला येत नाही, आणि माणूस लिहितो की आई निष्काळजी आहे.

ताई हात धुवायला आत गेली. मी तिची पेन्सिल उचलून माझ्या खिशात टाकली.

ती परत येऊन बसली. टकळीने तिच्या हाताकडे पाहिलं. मग ती बोलू लागली. मुलाखतीची खोली, त्या बाई, ते हसणं, वर्गात पुस्तक उघडलं की सगळे आपल्याकडे कसे वळतील, त्या भीतीने आपण गप्प बसू आणि मग तेही कुणी लिहून घेईल. मध्येच ती हसली, रागावली, त्या बाईंची नक्कल केली. ताईचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. एवढं सलग बोलताना तिने भाचीला कधी ऐकलंच नव्हतं.

तिचा हात टेबलावर चाचपू लागला. "थांब गं, थांब," ती म्हणाली. "हे मला लिहून घेऊ दे. माझी पेन्सिल कुठे गेली?"

टकळी अर्ध्या वाक्यात थांबली.

"बोल ना," ताई म्हणाली.

"हं," टकळी म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

मी पेन्सिल खिशातून काढून टेबलावर ठेवली. ताईने ती उचलली नाही. मग सावकाश म्हणाली, "तिच्याशिवाय ते प्रकरण उभं राहणार नाही, धाकटे. आणि तिला काढायचं तर पुस्तकाची सगळी पानं सरकतील. तुझी सूची पहिल्यापासून."

"सरकू देत," मी म्हटलं. "सूची मी पुन्हा करीन. ताई, माझी मुलगी या पुस्तकात राहणार नाही."